एकाच्या थैलीत चार हजार मोहरा, बाकीच्यांचे खिसे रिकामे

पत्र थोडक्यात : अमळनेरच्या २३ वर्षांच्या एका वाचकाने लिहिलं आहे. वर्षभरापासून दर रविवारी तो चार मित्रांना ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळवतो. हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत, मिळून गोष्ट रचायचा खेळ. गोष्ट चालवणारा डीएम तो स्वतः, आणि बाकी चौघे एकेक पात्र घेऊन तिच्यात उतरतात : एक सराफाचा मुलगा असलेला योद्धा, एक चोर, एक पुजारी, एक जंगलातला वाटाड्या. जग त्याने स्वतःच उभं केलं आहे. त्यात तापी आहे, सातपुडा आहे, थाळनेरला सुलतान आहे आणि डोंगरात गोब्लिन नावाचे बुटके, दुष्ट राक्षसही आहेत. चार महिन्यांपूर्वी एका रविवारी तिघे आले नाहीत. एकाची रेल्वेत ड्युटी होती, एकाची परीक्षा होती, एकाच्या चोपड्याकडच्या मळ्यात केळीची कापणी होती. योद्धा खेळणारा मित्र एकटाच आला, म्हणून दोघांनीच खेळ केला. पडक्या गढीच्या तळघरात फाशावर २० पडले आणि योद्ध्याला ४,००० मोहरा सापडल्या. बाकीच्यांकडे जेमतेम शे-दीडशे आहेत. त्याने पूर्ण चिलखत, दहा औषधी कुप्या आणि लढाईचा घोडा घेतला, चार पहारेकरी नेमले. आता साध्या शत्रूंचं त्याच्यापुढे काही चालत नाही, आणि त्याला पुरे पडतील असे शत्रू आणले की बाकीचे मरायला टेकतात. वाटून घ्यायचं सुचवलं तर तो म्हणतो, “मना पैसा शे, मी काय बी करसू” (माझा पैसा आहे, मी काहीही करीन). डीएम विचारतो : पुढच्या घाटात दरोडा घालून हे सोनं काढून घेऊ का? की बाकीच्यांनाही तेवढंच देऊन टाकू?

भाऊ,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वेळी मोहरा दिसल्या. दुसऱ्या वेळी ‘ता. क.’ म्हणून तू घाईघाईत लिहिलेल्या दोन ओळी दिसल्या. खेळ त्याच मित्राच्या घरी होतो, पुस्तकं आणि फासेही त्यानेच घेतलेत, ही एक. चोपड्याचा मित्र गेले दोन रविवार आलेला नाही, ही दुसरी. या दोन ओळींकडे मी शेवटी येणार आहे. आधी सोन्याचं बोलू, कारण ती अडचणही खरीच आहे.

आकडे मांडून बघू. पूर्ण चिलखत आणि ढाल मिळून योद्ध्याचा एसी, म्हणजे त्याला वार लागायला शत्रूने गाठायचा आकडा, २० होतो. गोब्लिन वीस बाजूंच्या फाशात ४ मिळवतो, म्हणजे १६ किंवा त्याहून जास्त पडलं तरच त्याचा वार लागणार. शंभरात २५ वेळा. चोराचा एसी तू १४ लिहिलायस. त्याला १० पडलं तरी लागतं, शंभरात ५५ वेळा. आता तू वैतागून ८ मिळवणारा दांडगा शत्रू आणलास की त्याचे वार योद्ध्याला ४५ वेळा लागतात आणि चोराला ७५ वेळा. योद्धा जेमतेम घायाळ होतो, चोर आडवा पडतो. तुझं रडगाणं खोटं नाही, हे गणितच तसं आहे.

पण याच गणितात आणखी एक गोष्ट दिसते. तुला छळतंय ते चिलखत, आणि त्याची किंमत १,५०० आहे. कुप्या ५० मोहरांच्या, दहांचे ५०० झाले. एक कुपी जखमांचे सरासरी ७ अंक भरून काढते, आणि तू खेळतोस त्या २०१४ च्या नियमांत लढाईत ती प्यायला त्या पाळीतली मुख्य कृती खर्चावी लागते. ४०० चा घोडा गुहेत शिरत नाही. उरलेले १,६०० नुसते थैलीत पडून आहेत. म्हणजे चार हजारांचं ओझं तुझ्या डोक्यावर असलं तरी दुखणं दीड हजारांचं आहे. आणि योद्ध्याच्या अंगावर असं चिलखत पुढे कधीतरी आलंच असतं. ते तिसऱ्याच लेव्हलला, म्हणजे पात्राच्या वाढत्या ताकदीच्या तिसऱ्याच पायरीवर आलं, एवढाच फरक. लेव्हल वाढत जातील तसे शत्रूंचे वारही जड होत जातील आणि हा फरक आपोआप कमी होईल. तोवरचे काही महिने तुला निभवायचे आहेत.

सोनं जास्त म्हणजे ताकद जास्त, हे तू गृहीत धरलंयस. ही समजूत या खेळाच्या जुन्या काळातून आली आहे. १९७४ साली हा खेळ पहिल्यांदा छापला गेला तेव्हा लूट सुखरूप परत आणली की एका मोहरेला एक अनुभवगुण मिळायचा. अनुभवगुण जमले की लेव्हल वाढायची, म्हणजे सोनं हीच लेव्हल होती. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत तर कोणत्या लेव्हलच्या पात्राकडे किती संपत्ती असावी याचा तक्ताच होता. पाचव्या लेव्हलला अंगावरच्या वस्तूंसकट ९,०००, दहाव्याला ४९,०००. त्या आवृत्तीत जादूच्या वस्तू पैशाने विकत मिळायच्या, म्हणून तो हिशेब ठेवावाच लागे. तुझ्या २०१४ च्या आवृत्तीने ही गाठ सोडवली आहे. जादूच्या वस्तू बाजारात मिळतीलच असं ती धरत नाही, आणि मिळाल्या तरी एका पात्राला एका वेळी तीनच जोडून घेता येतात. चिलखत घेऊन झालं की श्रीमंत योद्ध्याला विकत घेण्यासारखं फारसं उरत नाही. जे उरतं ते विकणारा दुकानदार तूच आहेस.

तुला विचारायचं होतं, ते चिलखत त्याने घेतलं कुठे? पत्रात तू लिहितोस, ‘जवळच्या गावात, त्याच संध्याकाळी’. आपल्याकडच्या आठवडे बाजारात विळे मिळतील, फाळ मिळेल, बैलांच्या घुंगुरमाळा मिळतील. नखशिखांत पोलादी चिलखत तिथे खुंटीला टांगलेलं नसतं. तुझ्या जगात तापीकाठ आहे तर बुऱ्हाणपूरही असेल. सुरत बंदरातून बुऱ्हाणपूरला जाणारा तांड्यांचा रस्ता आपल्या खानदेशातूनच गेला आहे. पुढच्या वेळी त्याला काही भारी हवं असेल तर तिथल्या कारागिराकडे जाऊ दे, मापं देऊ दे, महिनाभर थांबू दे. तो रस्ता चौघांनी मिळून कापायचा. वाट वाटाड्याने काढायची, नाक्यावरच्या शिपायाशी चोराने बोलायचं. जे त्याने घेतलं ते घेतलं, त्याला आता हात लावू नकोस. हे पुढच्या खरेदीसाठी सांगतेय.

घोड्याचंही तसंच. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस जाणत्याला बरोबर नेतो, दात बघतो, भोवरे बघतो, दोन फेऱ्या पळवून चाल बघतो. तुझ्या टेबलावर ४०० मोहरा खोडल्या आणि घोडा आला. घोडा ओळखणारं पात्र वाटाड्याचं होतं, आणि त्याला कुणी विचारलंच नाही. एकाकडे पैसा आहे आणि दुसऱ्याकडे पारख, एवढी एक गोष्ट तुझ्या खेळात आली असती तर हे पत्र लिहायची वेळ कदाचित आली नसती.

आता दरोड्याचं. हे करू नकोस. मी हे केलंय, म्हणून सांगते. धुळ्यात मी काही वर्षं हा खेळ चालवायचे. एका पात्राकडे असंच दोन हजारांचं घबाड जमलं होतं. मी घाटात आठ दरोडेखोर उतरवले. अंधार होता, पाऊस होता, गोष्ट रंगली होती, आणि ते आठही जण सरळ त्याच्याच खोगिराकडे धावले. तो खेळाडू त्या दिवशी काही बोलला नाही. पण त्यानंतर दर वेळी लूट सापडली की तो म्हणायचा, “असू दे ताई, तू परत नेशीलच.” कुठल्या गावकऱ्याला तो नाव विचारेना, कुठे घर बांधायला तयार होईना. जे आपलं म्हणावं ते सगळं कधीही काढून घेतलं जाईल, हे त्याला कळून चुकलं होतं. मी त्याची माफी मागितली, पण ती मागायला मला सहा महिने लागले. लोखंड खाणारा रस्ट मॉन्स्टर आणून चिलखत गंजवणं, सुलतानाने अचानक अर्धा कर लावणं, हे सगळे त्याच दरोड्याचे भाऊबंद आहेत. खेळाडूला ते लगेच ओळखू येतात. जे टेबलाच्या वरून बोलायचं ते आपण गोष्टीच्या आडून बोलतोय, हे चौघांनाही कळतं.

याचा अर्थ सोन्याला काहीच धोका नसावा असं नाही. नियमात ५० नाण्यांचं वजन एक पौंड धरलंय. चार हजार नाणी म्हणजे ८० पौंड, साधारण ३६ किलो. उरलेली १,६०० नाणी सुद्धा साडेचौदा किलो भरतात, आणि चिलखताचे ६५ पौंड वेगळेच. खेळ सुरू होण्याआधी त्याला सांग : “एवढं सोनं घोड्यावर टाकून सातपुड्यात जाणं धोक्याचं आहे, हे तुझ्या पात्राला ठाऊक आहे. थाळनेरच्या पेढीवर ठेवून हुंडी घेता येईल, पुरता येईल, सोबतही नेता येईल. तू ठरव.” त्याने ठरवल्यावर जे होईल ते त्याच्या निर्णयाचं फळ असेल. चिलखताचंही तेच. ते चढवायला १० मिनिटं आणि उतरवायला ५ मिनिटं लागतात, आणि ते घालून दबकत चालणं अवघड जातं. क्वचित एखाद्या रात्री छावणीवर हल्ला झाला आणि तो सदऱ्यावर लढला, तर ती आठवणीतली रात्र होईल. दर रात्री तेच केलंस तर तो छळ होईल.

दुसरा पर्याय तू विचारतोस, सगळ्यांना चार-चार हजार द्यावेत का? मला वाटतं, नको. चोराला आणि वाटाड्याला ते चिलखत पेलणारही नाही, मग त्यांनी त्या पैशाचं करायचं काय? आणि चारही जण गडगंज झाले की शे-दोनशे मोहरांसाठी अंधाऱ्या गुहेत शिरायला कोण तयार होईल? मी लहान असताना आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या वाड्यात पत्ते बसायचे. मोठ्यांचे पैशांनी, आम्हा पोरांचे चिंचोक्यांनी. एकाकडे सगळे चिंचोके जमले की खेळ बंद पडायचा आणि भांडणं सुरू व्हायची. आजोबा ते चिंचोके सारखे वाटून देत नसत. ज्याच्याकडे ढीग असेल त्याने मागणाऱ्याला उसने द्यायचे आणि कुणाला किती दिले ते कोळशाने भिंतीवर मांडायचं, असा त्यांचा नियम होता. जिंकलेल्याचा मान राहायचा आणि बाकीचेही खेळात राहायचे. भिंतीवरच्या त्या रेघांवरून आम्ही दिवाळीपर्यंत एकमेकांना चिडवायचो.

मला तुझ्या खेळात हेच हवंय. ते सोनं माणसांना बांधलं जाऊ दे.

त्याचे चार पहारेकरीच घे. कसबी माणसाचा रोज २ मोहरा. चौघांचे दिवसाला ८, महिन्याला २४०. त्याच्या १,६०० मध्ये ते जेमतेम २०० दिवस निघतील. पण हा नुसता खर्चाचा आकडा ठेवू नकोस. आपल्याकडे सालदार आखाजीला ठरतो आणि वर्षभर घरचा होतो. त्याच्या पोरीचं लग्न आलं की मालकाच्या दारात उचल मागायला येतो, मालकाच्या घरी मयत झालं तर खांदा द्यायलाही येतो. तसे हे चौघे होऊ देत. एकाचं गाव गोब्लिनांच्या वाटेवर आहे. एकजण पुजाऱ्याच्या देवाला मानतो आणि पगार देणाऱ्यापेक्षा पुजाऱ्याचं जास्त ऐकतो. एकाला चोर पूर्वीपासून ओळखतो, आणि ती ओळख फार चांगली नाही. पैसे योद्ध्याचे, पण माणसं सगळ्यांची, असं होऊ लागेल.

मग हिऱ्याची गोष्ट. तुझा पुजारी पाचव्या लेव्हलला पोचला की नुकताच मेलेल्या सोबत्याला परत उठवण्याचा मंत्र त्याला घेता येतो. त्याला ३०० मोहरांचा हिरा लागतो आणि तो हिरा त्यातच संपतो. नंतरच्या मोठ्या मंत्राला ५०० चा. पुजाऱ्याच्या कनवटीला शंभर मोहरा आहेत. हे आताच त्याच्या कानावर घाल, एखाद्या वृद्ध पुजाऱ्याच्या तोंडून. मग काही रविवारांनी एकजण मरून पडेल तेव्हा टेबलावर जी शांतता पसरेल तिच्यात तुझा मित्र काय करतो ते बघ. माझा अंदाज आहे, तो हिरा त्याने आधीच घेऊन ठेवलेला असेल. ‘मना पैसा’ म्हणणारी माणसं अशा वेळी सगळ्यात आधी हात सैल करतात, फक्त त्यांना कुणी तशी वेळ दाखवावी लागते.

आणि त्याला मोठं स्वप्न दाखव. व्यापारी ठाणं उभारायला नियमात ५,००० मोहरा आणि ६० दिवस लागतात. तटबंदीच्या बुरुजाला १५,००० आणि १०० दिवस. लहान किल्ल्याला ५०,००० आणि ४०० दिवस. त्याचं सोनं तापीच्या उतारावर एक ठाणं बांधायच्या तिसऱ्या हिश्श्यालाही जेमतेम पोचतं. जागेचा कौल देवस्थानाकडून पुजारी आणेल. सातपुड्यातला डिंक, मोह, मध खाली आणायच्या वाटा आणि तिथल्या पाड्यांचा विश्वास वाटाड्याकडे आहे. माल कुणाला विकायचा हे चोराला ठाऊक. चौघांची चार आणे वाटणी, लेखी. ज्या दिवशी ते चौघे या ठाण्याचं नाव काय ठेवायचं यावर वाद घालतील त्या दिवशी तुझा प्रश्न सुटला असं समज.

यासाठी तुला एक काम करावं लागेल. चोर, पुजारी आणि वाटाड्या यांना पैशाने न मिळणारी कोणती गोष्ट हवी आहे, हे त्यांनाच विचार. दोन ओळी लिहून मागव. तू योद्ध्याला एका रविवारी भरभरून दिलंस, त्यात चूक नव्हती. बाकीच्यांचा तसा रविवार अजून आलेला नाही. त्यांना मोहरा नकोच देऊस. चोराला शहरभर कान दे. पुजाऱ्याला असा मान दे की सुलतानाचा कारभारी उठून उभा राहील. वाटाड्याच्या शब्दावर अख्खा पाडा रात्री मशाली घेऊन निघेल, असं काही होऊ दे. लढाईपुरतं म्हणशील तर कधी कधी असे शत्रू आण ज्यांच्यापुढे चिलखत कामाचं नसतं, म्हणजे विषारी धूर, मनावर चालणारी जादू, वाहत्या नदीतली झटापट. तिथे प्रत्येकाला आपापल्या गुणावर तरून जावं लागतं.

जे वाचक असाच खेळ चालवतात त्यांच्यासाठीही पुढचं सांगते, कारण या दुखण्याचं मूळ इथे आहे. तिघे गैरहजर असताना तू मोहिमेची मुख्य गोष्ट पुढे नेलीस आणि तिच्यातली सगळी लूट एकाच्या पदरात टाकलीस. तुझा हेतू चांगला होता, आलेला मित्र हिरमुसला होऊन जाऊ नये. पण बाकीचे चैनीसाठी गैरहजर नव्हते. रेल्वेची ड्युटी टळत नाही. कापणीचा ट्रक बांधावर उभा असताना केळीचा मळा सोडून कुणी खेळायला येत नाही. अशा माणसाला न येण्याचा दंड खेळातही बसला, तर पुढच्या वेळी यायची त्याची उमेद कमी होते. म्हणून नियम करा, आणि तो सगळ्यांनी मिळून करा : हजर असो-नसो, लुटीचा वाटा प्रत्येक पात्राला. तीनपेक्षा कमी जण आले तर त्या दिवशी मुख्य गोष्ट चालवायची नाही. आलेल्याच्या पात्राची जुनी आठवण खेळा, त्याच्या बापाच्या पेढीवरचा एक दिवस खेळा, नाहीतर दुसरा एखादा खेळ काढा. शिवाय गटाची एक भिशी ठेवा. प्रत्येक लुटीतला एक वाटा आधी भिशीत जाईल, मग उरलेलं वाटायचं. कुप्या, हिरा, खोलीभाडं, सगळं तिच्यातून. चार पात्रं आणि एक भिशी, असे मोहरांचे पाच वाटे करणं सोपं असतं.

आता त्या दोन ओळी.

घर त्याचं, पुस्तकं त्याची, फासे त्याचे, आणि बहुतेक चहा-फराळही त्याच्याच घरचा. तुझ्या मनात कुठेतरी त्याचं देणं साठलं होतं का, हे स्वतःला शांतपणे विचार. त्या रविवारी २० पडल्यावर तळघरात ४०० मोहरा असत्या तरी तो खूश झाला असता. तू ४,००० काढल्यास. त्यात थोडे आभार मिसळले होते, असं मला वाटतं. माझं चुकत असेल तर सोडून दे. पण बरोबर असेल तर एक गोष्ट समजेल : आज त्याला ‘सोनं वाट’ म्हणायला तुला जड जातंय ते त्याचं पात्र श्रीमंत आहे म्हणून नाही. त्याच्या ओसरीवर बसून त्यालाच हे कसं म्हणायचं, असं तुला वाटतं. म्हणूनच दरोडेखोर पाठवायची कल्पना आली.

हे हलकं करता येतं. एक रविवार तुझ्याकडे, एक रेल्वेवाल्याच्या क्वार्टरमध्ये. केळी उतरून झाली की एखादा चोपड्याच्या मळ्यात, तिथल्या वांग्याच्या भरतावर आणि कळण्याच्या भाकरीवर. या खेळाचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली फुकट मिळतात, त्यामुळे पुस्तकासाठी कुणी कुणाच्या उपकारात राहायची गरज नाही. सात फाशांचा एकेक संच प्रत्येकाने आपापला घ्यावा. स्वतःचे फासे हातात आले की माणूस टेबलावर जरा सरळ बसतो, हे मी खूप वेळा पाहिलंय.

मग त्याच्याशी बोल, एकटं गाठून, रविवारच्या आधी. आरोप नको. मी असं म्हणेन : “त्या दिवशी लूट देताना माझं चुकलं. बाकीचे नव्हते, आणि मी सगळं तुला दिलं. चिलखत तुझंच राहील. उरलेल्याचं काय केलं तर चौघांना मजा येईल, ते तूच सांग. माझ्याकडे तापीवर ठाणं बांधायची एक कल्पना आहे.” तो म्हणालेलं ‘मना पैसा शे’ हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचतेय. अमळनेरच्या पोराच्या तोंडची ती अहिराणी आहे, पण ते बोललं कोण? तुझा मित्र, की त्याने रंगवलेला सराफाचा लाडावलेला मुलगा? तसं पात्र घेतलेला माणूस तसंच बोलणार. तू कधी त्याला पात्राबाहेर येऊन विचारलंयस का? पत्रात तरी तसं दिसत नाही. तो नाही म्हणाला तर नाही. मग त्याचे १,६०० त्याच्याकडे राहू दे आणि वर सांगितलेलं बाकी सगळं कर, ते त्याच्या परवानगीवाचूनही होतं.

‘बाकीचे सगळे नाराज आहेत’ असंही तू लिहितोस. कुणी म्हटलंय तसं? रेल्वेवाल्या मित्राला कदाचित श्रीमंत सोबत्याच्या जिवावर चोऱ्या करायला मजाच येत असेल. तिघांच्या मनातलं तू एकट्याने ठरवू नकोस.

पण यादीत पहिला फोन योद्धा खेळणाऱ्या मित्राला लावू नकोस. आधी चोपड्याला लाव. कापणी असेल तर असेलच, केळीला रविवार कळत नाही. तरी लाव. सोन्याचा विषय काढू नकोस, खेळायला ये म्हणून आग्रहही करू नकोस. मळ्यातलं विचार, भाव काय मिळाला ते विचार. आणि मग सांग की एका डोंगरी पाड्यावर त्याच्या वाटाड्याची कुणीतरी वाट बघतंय, आणि ती माणसं दुसऱ्या कुणाशी बोलायला तयार नाहीत.

तुझी,
ताई